भिंगोबाचा कडा

भिंगोबाला भिंगोबा हे नाव चौथीच्या वर्गात पडलं आणि पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही. दोन्ही डोळ्यांना उणे आठ नंबर. चष्मा काढला की समोरचा माणूस म्हणजे दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. हलला तर माणूस, नाही तर टॉवेल. पुढे त्याने चष्म्यांचंच दुकान काढलं, तेव्हा ओळखीची मंडळी म्हणाली, "बरं झालं, घरचं एक गिऱ्हाईक तरी पक्कं." दुकान लहान, पण नेटकं. पुढे काचेचं कपाट, त्यात नाक वर करून बसलेल्या फ्रेमा. मागे एक अंधारी खोली, तिच्यात डोळे तपासायची उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता.

लहानपणी भिंगोबा काही खेळलाच नाही. म्हणजे, खेळायला जायचा, पण पहिल्याच पावलाला आईची हाक यायची, "जपून! चष्मा!" 'पडशील' असं नाही, 'लागेल' असं नाही. झाडावर चढायला निघाला, चष्मा. पाण्यात उतरला, चष्मा. त्यामुळे तो आयुष्यभर स्वतःला चष्मा ठेवायचं स्टँडच समजत आला. भांडण दिसलं की रस्ता बदलायचा. घरमालकाशी बोलायचं झालं तर बायकोला पुढे करायचा आणि आपण मागे उभा राहून मान हलवायचा, तीही अशी की होकार की नकार ते घरमालकाने ठरवावं.

त्याचा मित्र मास्तर. शाळेतला नव्हे, गाडी शिकवणारा. मास्तरच्या गाडीत त्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच होता. शिकणारी मंडळी घामाघूम होऊन स्टिअरिंग धरत आणि महिनाभराने घरी सांगत, "आता हात बसला." हात बसलेला नसे; मास्तरचा पाय बसलेला असे. दिवसभर "डावीकडे, हळू, पुढे खड्डा, आता सोड" असं बोलून बोलून त्याची जीभ रविवारीही गप्प राहत नसे.

त्या जिभेवरच दोघांची धावायची जोडी जमली. अकरा वर्षं, दर रविवारी सकाळी, गावाबाहेरच्या टेकाडांतल्या पायवाटांवर. वाट अरुंद, एकाने पुढे, एकाने मागे. पुढच्याने जमीन बोलत जायची: "मूळ," "दगड," "निसरडं," "वाक, फांदी." मागच्याने टाचांवर नजर ठेवून यायचं. पुढे कायम मास्तर. हिवाळा आला की भिंगोबाची पंचाईत व्हायची. धापा टाकल्या की वाफ चष्म्यावर, आणि पुसावी तर दोन पावलांत तिचा बर्फ. शेवटी चष्मा डबीत, डबी आतल्या खिशात. मास्तरने खास त्याच्यासाठी भडक नारिंगी मोजे घेतले. लोकांचे डोळे दुरुस्त करणारा हा गृहस्थ हिवाळाभर दुसऱ्याच्या मोज्यांवर पळायचा.

गावाच्या उत्तरेला एक कडा होता. डोंगराच्या धारेवरून गेलेली दोन फुटांची वाट, आणि दोन्ही अंगांना काही नाही. उन्हाळ्यात कड्याच्या पोटाला मधमाश्यांची पोळी लटकत, तेव्हा तिथे कुणी फिरकत नसे. माश्या गारठल्या की वाट मोकळी व्हायची, पण तोवर तिच्यावर बर्फ बसलेला असायचा. गावातल्या चार-पाच जणांनीच ती हिवाळ्यात पळत ओलांडली होती, आणि त्यातला एक अजून जिना उतरताना कुबडी घ्यायचा.

पन्नासाव्या वर्षी भिंगोबाच्या डोक्यात तो कडा शिरला. "मास्तर, आयुष्यात एकदा तरी असं काही करायचं, की आई 'चष्मा' म्हणायच्या आत मी पलीकडे!" मास्तर "बघू" म्हणाला. आठवडाभर भिंगोबा दुसरं काही बोललाच नाही. शेवटी एका गोठलेल्या रविवारी, चार पावलांपलीकडचं काही दिसू नये अशा धुक्यात, दोघे निघाले. चष्मा खिशात, पुढे नारिंगी मोजे.

चढ आला, वळण आलं, पुन्हा चढ आला, आणि मग अंगावर एकदम मोकळा वारा आला.

"कडा," मास्तर म्हणाला. "आता दोन फूट वाट. डावीकडे बघू नकोस. उजवीकडेही नको. माझे मोजे बघ."

भिंगोबाने मोजे बघितले. पायांखाली करकरणारा बर्फ, दोन्ही बाजूंना पांढरं शून्य. मध्यावर मास्तर थांबला. "हलू नकोस. पुढचा बर्फ बघून येतो." मोजे धुक्यात गेले. भिंगोबा मिनिटभरच एकटा होता, पण तेवढ्यात त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मोजे परत आले तशी त्याने मास्तरची बाही घट्ट धरली आणि म्हणाला, "मी इथून पडलो तर कुणाला तरी माहीत असलेलं बरं."

आणि त्याने वडिलांचं सांगितलं. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. वडील हॉस्पिटलात होते. ताईचा दुकानात फोन आला, "लगेच ये, बाबा तुझं नाव घेतायत." भिंगोबा म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत औषध घातलंय, त्याला तसंच सोडून कसा येऊ?" दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि मागच्या खोलीतल्या उंच खुर्चीवर दोन तास तक्त्याकडे बघत बसला. भीती वाटली म्हणून. दुसरं काहीही कारण नाही. तो पोचला तेव्हा बाबांचे डोळे कुणीतरी मिटवले होते. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

मास्तरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.  मग म्हणाला, "चल. हळूहळू." पलीकडे पोचल्यावर दोघांनी मिठी मारली.

त्या दिवसापासून भिंगोबा बदलला. घरमालकाला स्वतः जाऊन सांगून आला की न्हाणीघराचं छत गळतंय आणि आपण छत्री घेऊन आंघोळ करणार नाही. दुकानात कड्याचा मोठा फोटो लावला. गिऱ्हाइकाची हनुवटी एकदा यंत्रावर टेकली की त्याला पळता येत नाही, हे ओळखून तो गोष्ट सुरू करायचा. "दोन फूट वाट. डावीकडे काय? काही नाही. उजवीकडे? तेही नाही. वाचा, तिसरी ओळ." पण खरी गोष्ट वेगळीच होती, ती तो कुणाला सांगत नसे. एका भीतीपायी तो बाबांकडे गेला नव्हता. आणि त्याहून मोठ्या भीतीत उभं राहून त्याने ते कबूल केलं होतं. म्हणजे आपण अगदीच भेकड नाही, एवढं त्याला पुरलं होतं. त्याच्यावर तो झोपायचा, उठायचा, मान ताठ ठेवायचा. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा कडा झाला, तिसऱ्यातही झाला.

चौथ्या हिवाळ्याआधी एका कंपनीचा माणूस कॉन्टॅक्ट लेन्सचे नमुने ठेवून गेला. आजवर दुसऱ्यांना "घाबरू नका, काही होत नाही" म्हणणाऱ्या भिंगोबाने स्वतःच्या डोळ्यात कधी बोट घातलं नव्हतं. पंधरा दिवस तो दुपारी मागच्या खोलीत आरशासमोर घळाघळा रडत बसे. एकदा शेजारचा शिंपी डोकावला आणि "घरी सगळं ठीक ना?" असं हळूच विचारून गेला. सोळाव्या दिवशी लेन्स बसल्या. मास्तरला आधी सांगायचं नाही, असं भिंगोबाने ठरवलं. पलीकडे पोचून सांगायचं: मास्तर, यंदा मी सगळं पाहिलं.

रविवारी धुकं विरळ होतं. टेकाडाच्या पायथ्याशी एक लाकडी खांब होता, त्याला दोन पाट्या. वर जाणाऱ्या बाणावर 'कडा', खाली वळणाऱ्या बाणावर 'शेतं'. भिंगोबाने त्या पाट्या पहिल्यांदाच वाचल्या. नारिंगी मोजे खाली वळले.

जवळची वाट असेल, भिंगोबा मनात म्हणाला. मोजे एका मातीच्या ढिगाऱ्यावर चढले, उतरले, वळसा घालून त्याच ढिगाऱ्यावर पुन्हा चढले. "चढ!" मास्तर ओरडत होता. "दुसरा चढ! हा जरा उभा आहे!" मग मोजे एका बांधावर आले. दोन फूट रुंद, गुडघ्याएवढा उंच. दोन्ही बाजूंना बर्फाने झाकलेलं शेत आणि त्यातून रांगेने डोकी वर काढलेले कोबी.

"कडा!" मास्तर म्हणाला. "डावीकडे बघू नकोस."

भिंगोबाने डावीकडे बघितलं. लोकरीची टोपी घातलेली एक म्हातारी कोबी कापत होती. मास्तरने धावता धावताच ओठांवर बोट ठेवलं. म्हातारीने ओळखीची मान हलवली, विळा खाली ठेवला आणि हातमोज्याने तोंड दाबलं. तिचे खांदे हलत होते. तिच्या हसण्यात नवल नव्हतं. दरवर्षीचं हसणं होतं ते.

"खाली केवढं खोल असेल रे?" भिंगोबाने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"विचारूच नकोस," मास्तर म्हणाला. "मलाच गरगरतंय."

भिंगोबा धावत राहिला. धावायचं थांबवलं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. मध्यावर तो जरा हळू झाला. इथेच कुठेतरी. या दोन कोबींच्या मध्ये उभं राहून त्याने बाबांचं सांगितलं होतं.

बांध संपला. मास्तर वळला आणि हात पसरून म्हणाला, "चौथ्यांदा! भिंग्या, चौथ्यांदा!"

"कोबी छान धरलाय यंदा," भिंगोबा म्हणाला.

मास्तरचे हात पसरलेले तसेच राहिले. त्याने भिंगोबाच्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

"लेन्स?"

"लेन्स."

"कधीपासून दिसतंय?"

"पाटीपासून."

मास्तरने हात खाली घेतले. "ऐक. पहिल्या वर्षी मी तुला खरंच वर नेणार होतो. पाटीपाशी वरच्या वाटेवर पाऊल टाकलं तर पायाखाली बर्फ काचेसारखा.  मला उंची सोसत नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही, ते माझं चुकलं. म्हटलं, याला बांधावरून फिरवू, मध्यावर जरा घाबरवू आणि मग सांगू, गाढवा, शेतात आहेस. हसू आणि घरी जाऊ. ते सांगायलाच मी परत आलो होतो. हसू दाबत आलो होतो. आणि तू बाही धरलीस."

भिंगोबाने मागे बांधाकडे बघितलं.

"तू ते सगळं सांगितल्यावर तुला काय सांगायचं? बाबांचं ठीक आहे, पण पाय टेकव, खाली कोबी आहे?"

"हो. तेच सांगायचं होतंस."

"रडत होतास तू."

"म्हणून तर! आयुष्यात एक धाडस केलं, ते गुडघ्याएवढं उंच, आणि तुला ठाऊक होतं. दुकानात मी गिऱ्हाइकांना सांगायचो आणि तू बाकावर बसून 'हो, हो' करायचास. तुझ्या गाडीतल्या शिकाऊ माणसासारखं ठेवलंस मला. स्टिअरिंग माझ्या हातात आणि पाय तुझे."

"पाय माझे होते म्हणून जिवंत आहेस."

हे इतकं खरं होतं की भिंगोबाला ते ऐकून घेता आलं नाही. तो वळला आणि आल्या वाटेने पळत सुटला. म्हातारीने मान वर केली. "आज येताना पण कडा?" तिने कौतुकाने विचारलं.

पाटीपासून तो वर गेला. हा चढ खरा होता. दुसऱ्यांदा चढायला परत येणारा नव्हता. मागून मास्तरच्या हाका येत होत्या, "भिंग्या! बर्फ आहे! अरे, मला चढता येत नाही रे!" मग हाका मागे पडल्या आणि समोर धार आली. खडकात ठोकलेल्या लोखंडी खुंट्या, त्यांतून ओवलेली गंजकी साखळी. दोन्ही बाजूंना खोल खाली झाडांचे शेंडे, जळलेल्या काड्यांएवढे. भिंगोबाने साखळी धरली आणि पाऊल टाकलं. पळायचं तर सोडाच. एक, दोन, तीन. सातव्या पावलाला उजवा पाय सटकला, गुडघा आपटला, आणि तो साखळीला मिठी मारून बसला. एक दगड घरंगळत गेला. त्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की भिंगोबाला वाटलं, दगड पडायचं विसरला बहुतेक.

तो उठला. आणखी चार पावलं गेला. अकरा. मग पुढचा बर्फ दिसला, निळसर, गुळगुळीत, साखळीलाही गिळून बसलेला. इथे खरी भीती होती. इथे बाबांचं बोलायला हवं होतं, असं त्याला वाटलं. पण ते आधीच कोबीला सांगून झालं होतं. त्याच्याजवळ या कड्याला द्यायला काही उरलं नव्हतं. तो मागे फिरला.

धारेच्या तोंडाशी मास्तर हातापायांवर रांगत येऊन पोचला होता. चेहरा पिठासारखा, डोळे गच्च मिटलेले, एक हात पुढे. "दे हात. डावा पाय मागे घे, तिथे खाच आहे."

भिंगोबाने खाली बघितलं. खाच उजवीकडे होती. त्याने उजवा पाय टेकवला, साखळी सोडली आणि मास्तरचा हात तसाच अधांतरी ठेवून बाजूने निघून आला. मास्तरला मात्र जागचं हलता येईना. तेव्हा भिंगोबा त्याच्यापुढे झाला आणि खाली उतरेपर्यंत, मागे वळून न बघता, फक्त "दगड," "मूळ," "निसरडं" एवढंच बोलला.

परत येताना तो मास्तरच्या गाडीत मागच्या सीटवर बसला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. मास्तरने दोनदा आरशात बघितलं. "वहिनींना सांगणार?" एकदाच विचारलं. भिंगोबाने खिडकीबाहेर बघितलं.

बायको खिडकीतच होती. दर कड्याच्या दिवशी ती तिथे वाळलेले कपडे घेऊन बसायची आणि तो दिसेपर्यंत एकाही कपड्याची घडी व्हायची नाही. गुडघ्याची फाटलेली विजार बघून ती उठली. भिंगोबाने तिला सगळं सांगितलं. पाटी, ढिगारा, म्हातारी, कोबी.

"म्हणजे तीन हिवाळे मी नखं खाल्ली, ती कोबीपायी?" ती म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता टॉवेलने डोळे पुसले. "मास्तर भाऊजींना येऊ दे, ताटात नुसता कच्चा कोबी वाढते. पण अहो, बरंच केलं की त्यांनी. हातीपायी धड आहात. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"तसं नाही ते."

"मग कसं आहे?"

आता टाळायचं तर टाळता आलं असतं. खोलीत ऊन होतं, खुर्ची चारही पायांवर उभी होती, खाली कुठे दरी नव्हती. भिंगोबाने तिच्यासमोर बसून बाबांचं सांगितलं. सावकाश, एकही शब्द न गाळता.

बायकोचे हात घडीवर थांबले. "औषध घातलेलं गिऱ्हाईक?"

"नव्हतं."

"कुणीच नव्हतं?"

"कुणीच."

तिने हातातल्या शर्टाची कॉलर सरळ केली. "बाबा गेले त्या दिवशी ताई म्हणाल्या, मनात असतं तर त्याला येता आलं असतं. मी भांडले त्यांच्याशी. सगळ्यांसमोर. म्हटलं, माणसाच्या डोळ्यांत औषध घालून ठेवलं होतं, त्याला आंधळा रस्त्यावर सोडून यायचं होतं का? तुम्हाला काही काळीज आहे की नाही, असंसुद्धा म्हणाले. नऊ वर्षं झाली. त्या तुमच्याशी बोलतात. माझ्याशी नाही बोलत."

"मला वाटलं, तो तुमच्या दोघींचा..."

"आणि मास्तरांना तीन वर्षांपूर्वीच सांगितलंत."

"मला वाटलं, मी मरतोय."

"मग मी काय, तुम्ही मरायची वाट बघत बसायचं होतं?" तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मी इथेच होते. याच खोलीत. माझ्यापर्यंत यायला तुम्हाला कडा लागला नसता."

भिंगोबाने तोंड उघडलं. 'सांगणारच होतो,' एवढंच जिभेवर आलं, आणि तसलंच वाक्य आज सकाळी आपण कुणाच्या तोंडून ऐकलं हे आठवून त्याने ते गिळलं.

बायकोने फोन उचलून त्याच्यासमोर ठेवला. "ताईंना लावा. आत्ता."

"काय सांगू?"

"ते मला नका विचारू. मी सांगत होते तेवढं पुरे झालं."

त्याने नंबर लावला. पलीकडे तीनदा वाजला. ताई म्हणाली, "बोल रे. आज रविवारी दुपारी कसा काय?"

"ताई," भिंगोबा म्हणाला, "त्या दिवशी दुकानात कुणी नव्हतं."

 पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला. "कुठल्या दिवशी?" असं ताईने विचारलं नाही.

"हिला तेव्हा माहीत नव्हतं," तो म्हणाला. "हिलाही मी खोटंच सांगितलं होतं. ही जे बोलली, ते माझ्या सांगण्यावरून बोलली."

बायकोने उरलेले कपडे, घडी न घालताच, उचलले आणि ती आतल्या खोलीत गेली. दार तिने लावलं नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही. भिंगोबा फोन कानाला लावून बसून राहिला आणि ताईच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिला.